कोरडी चकती

ऑक्टोबर आला की माझ्या बोटांना लवंगेचा वास यायला लागतो. खरं सांगायचं तर मी लवंगा कुटतो म्हणून येतो, आपोआप येत नाही. पण जन्मभर पोरांना 'निसर्गचित्र काढा' म्हणत आलेल्या मास्तराला एवढं लिहायला माफ असावं. खलबत्त्यात लवंग, दालचिनी, सुंठ, वेलदोडे. वर जायफळ किसून. ती पूड मैद्यात मिसळायची, लोणी आणि पिठीसाखर फेसायची, गोळा लाटून वाटीनं चकत्या पाडायच्या, भाजायच्या आणि पुरत्या गार झाल्यावर दोन चकत्यांच्या मध्ये चॉकलेट भरून जोडी लावायची. एवढंच काम. कुणी विचारलं तर मी ह्यांना जोडबिस्किटं म्हणतो. कुणी विचारत नाही.

लेकीनं पाठवलेला ओव्हन ओट्यावर बसलेला असतो. गुणी आहे बिचारा, धूर नाही की राख नाही. फक्त भाजून झालं की टिंग करून वाजतो आणि मी दरवेळी दचकून दाराकडं बघतो. एकट्या माणसाच्या घरात काहीही वाजलं की नजर आधी दारावर जाते. मग आठवतं, अरे हां, बिस्किटं झाली.

नव्वदच्या त्या वर्षांत इंदापुरात बिस्किटं अशी गुपचूप होत नसत. सहामाहीचे पेपर संपायचे, पोरं उंडारायला मोकळी व्हायची, मास्तर लोक गठ्ठे काखोटीला मारून घरी जायचे. ऊन असं पडायचं की ऑक्टोबरपेक्षा मे बरा. रस्त्यानं ऊसतोडणीवाल्यांच्या गाड्या बिऱ्हाडासकट जायला लागायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज हायवेच्या ट्रकांत मिसळून जायचा. आणि एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीतल्या बेकरीपुढं बायकांची रांग लागायची. दिवाळीची बिस्किटं घरी करायची सोयच नव्हती. घरून मैदा, साखर, डालडा घेऊन भट्टीवर जायचं, तिथंच बारदानावर फतकल मारून पीठ मळायचं, काळ्या पत्र्यांवर बिस्किटं मांडायची आणि बेकरीवाल्या चाचांच्या स्वाधीन करायची. चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीनं पत्रे आत सारायचे. तासाभरानं आपापला डबा भरून, डोक्यावर घेऊन, सगळ्या गावाला वास देत घरी जायचं.

आता एका भट्टीत दहा घरांचे पत्रे जाणार. कुणाची बिस्किटं कुठली, हे कळायचं कसं? म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कुणी बिस्किटावर फणीचे दात उमटवायचं, कुणी बांगडीचा तुकडा, कुणी सोड्याच्या बाटलीचं बूच. खुणेवरून भांडणं लागायची आणि खुणेवरूनच मिटायची. एखादीच्या तुपातल्या बिस्किटांची डालड्याच्या बिस्किटांशी अदलाबदल झाली तर पुढल्या दिवाळीपर्यंत अबोला चाले. डब्यांचंही तेच. गोडेतेलाचे सगळे चौकोनी डबे जुळ्या भावांसारखे दिसायचे, त्यामुळं त्यांच्यावर ऑइलपेंटनं नाव घालावं लागे. ते काम माझ्याकडं. 'मास्तर, तेवढं नाव टाका की,' म्हणत बायका डबे आणून ठेवायच्या. इंदापुरातल्या निम्म्या माळ्यांवर अजूनही माझं अक्षर असेल. मी काढलेलं एकही चित्र कुणाच्या भिंतीवर नाही, पण डब्यांवर मी आहे.

आमच्या घरची खूण होती माझ्या पेनाच्या टोपणाची. बिस्किटावर टोपण दाबून काढलेले तीन गोल. माझी बायको, शालन, भट्टीवर जाताना माझ्या खिशातल्या पेनाचं टोपण काढून घ्यायची आणि मी टोपणाशिवाय पेन खिशाला लावून शर्टावर शाईचे डाग पाडून घ्यायचो. मसाला हीही तिचीच टूम. 'दिवाळीत पोरं तेलकट खाऊन खोकत बसत्यात, बिस्किटात सुंठ-लवंग असली म्हंजी गुण येतो,' असं तिचं म्हणणं. पोरं म्हणजे गल्लीतली. आमची स्वतःची वैजू तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती.

पुढं शालन तापानं गेली. ह्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहून बघितलंय, जमत नाही.

शालनची भावजय, सिंधूवैनी, वडगाव निंबाळकरहून आली होती. दिवस कार्य उरकल्यावर तिनं वैजूला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "दाजी, तुमची शाळा, तुमचं जेवणाचं हाल. चार दिस नेते पोरीला." वैनींना मूलबाळ नव्हतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? त्या चार दिवसांची वर्षं कधी झाली, ते कळलं नाही. दर रविवारी मी इंदापूरहून बारामती आणि बारामतीहून वडगाव अशी एसटी बदलत जायचो. सोबत एक केळ्याची फणी आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. वैजू मामीच्या पदराआडून माझ्याकडं बघायची. पुडा घ्यायची आणि परत पदराआड. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीबाहेर उसाचे फड संपता संपायचे नाहीत आणि मला वाटायचं, आपण पोरीला भेटून आलो की पाव्हणा म्हणून जेवून आलो?

पण एक गोष्ट मी मनात पक्की धरून ठेवली होती. वैजूची चौथी झाली की तिला इंदापूरला आणायची. पाचवीपासून मी शिकवतो त्याच शाळेत घालायची, सकाळी दोघांनी मिळून जायचं, संध्याकाळी दोघांनी यायचं. मेव्हणे दत्तूराव म्हणाले होते, "न्या की दाजी, तुमचीच पोर हाय. पर जबरदस्ती नगं. दिवाळीला घिऊन जावा, ऱ्हाती का बघा. रमली तर जूनपासनं तिकडंच." वैनी तेव्हा चुलीपुढं होत्या. त्यांनी नुसतं लाकूड पुढं सारलं.

म्हणजे वैजूच्या चौथीतली ती दिवाळी ही माझी परीक्षा होती. मी घराला चुना दिला. तिच्या खाटेजवळच्या भिंतीवर मोर काढला, अगदी पिसाऱ्यासकट. बुटकं टेबल करून घेतलं. आणि ठरवलं, बिस्किटं करायची. शालनच्या मसाल्याची, पण आत क्रीम असलेली, कारण वैजूला क्रीमचं बिस्किट म्हणजे जीव की प्राण. ती बिस्किट पिळून उघडायची आणि आतलं क्रीम तेवढं मांजरासारखं चाटायची. कोरड्या चकत्यांचं पुढं काय व्हायचं, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता.

क्रीम कसं करतात हे आमच्या शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, साधं कशाला, चॉकलेटचं करा. लोणी, पिठीसाखर आणि कोको पावडर. पण बिस्किट गार झाल्याशिवाय लावू नका हं." इंदापुरात तेव्हा कोको पावडर म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "नारळाची का?" शेवटी बारामतीला जाऊन आणली. भिगवण चौकातल्या दुकानदारानं डब्यावरची धूळ झटकून दिली. त्या डब्याला बहुतेक माझ्याआधी कुणी हात लावला नव्हता.

भट्टीवर पुरुष यायचे ते डबा टेकवून जाण्यापुरते. मी बाह्या सारून बारदानावर बसलो तेव्हा रांगेत जी खसखस पिकली, ती मला अजून ऐकू येते. आमच्या घरासमोरच्या मालनकाकू पुढं सरकल्या.

"मास्तर, डबा ठिवा आन् जावा घरी. आमी करतो."

"नको काकू. मीच करणार."

"करा बाबा. पर रंग कालवल्यागत नगा कालवू! लोण्याला जरा जोर लावा."

"आन् बिस्किटावर नुसतं चित्र नगा काढत बसू," मागून कुणीतरी म्हणालं, "भाजायची पन असत्यात ती!"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. घरात कुणी चेष्टा करणारं नसलं की माणूस चेष्टेलाही भुकेला होतो. मी लाटलं, वाटीनं चकत्या पाडल्या, पत्र्यावर मांडल्या. मग खिशातून पेन काढलं आणि टोपण दाबून तीन गोल उठवायला लागलो. मालनकाकूंचं हसू थांबलं.

"ही खूण शालनची न्हवं?"

"हो."

रांगेतला गलका हळूहळू बसला. मालनकाकूंनी स्वतःचं पीठ बाजूला ठेवलं, माझ्या दुसऱ्या पत्र्यावर चकत्या मांडू लागल्या आणि टोपण मागून घेतलं. चाचांनी माझे पत्रे मधोमध सारले, जिथं आच सगळ्यांत सारखी लागते.

डबा नवा घेतला होता. त्यावर मी ठसठशीत अक्षरांत नाव घातलं होतं, 'वैजयंता'. नाव रंगवायच्या नादात ऑइलपेंट वाळायला दिवस जातो हे विसरलो. चकत्या गार झाल्यावर चॉकलेट भरलं, जोड्या ओल्या रंगाच्या डब्यात घातल्या आणि वर घट्ट झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर लवंग, सुंठ, चॉकलेट आणि त्या सगळ्यांच्या वर टर्पेंटाइन! हे असलं फक्त चित्रकलेच्या मास्तरालाच जमतं. बिस्किटं दिवसभर परातीत उघड्यावर ठेवली, पंख्यानं वारा घातला. वास बराचसा गेला.

वैजू आली. दत्तूराव तिला स्टँडावर सोडून उभ्याउभ्या परत फिरले, कारण बसले असते तर तीही त्यांच्याबरोबर उठली असती. तिनं घर बघितलं. मोर बघितला. म्हणाली, "छान हाय." टेबलावर हात फिरवला. म्हणाली, "छान हाय." मी फटाके आणले, उटणं लावलं, वेणी घालायचा प्रयत्न केला. ती सगळ्याला छान म्हणायची. वर्गात नवीन आलेलं पोर जसं विचारल्याशिवाय बोलत नाही आणि बाकावर कडेला बसतं, तशी ती माझ्या घरात बसली होती. तक्रार नाही, रडणं नाही. रडली असती तर समजूत तरी घातली असती.

पाडव्याला दुपारी आम्ही दोघं उंबऱ्याजवळ बसलो होतो. समोरच्या अंगणात मालनकाकूंच्या नाती टिकल्या फोडत होत्या. वैजू त्यांच्याकडं बघत होती. मी बिस्किटांची ताटली मधे ठेवली. तिनं एक उचललं, नाकाशी नेलं आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"बाबा, ह्याला तुमचा वास येतो."

मला वाटलं, टर्पेंटाइन काही गेलं नाही. पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. तिनं दोन्ही हातांनी बिस्किट पिळलं, ते बरोबर उघडलं, एका चकतीला सगळं चॉकलेट आणि दुसरी कोरडी. ती चॉकलेट चाटायला लागली. नजर समोरच्या पोरींवर. आणि तशीच, न बघता, तिनं कोरडी चकती बाजूला धरली. माझ्या बाजूला.

"मामी, घे."

तिच्या ध्यानातही आलं नाही. हात तसाच पुढं. रोजची सवय असल्यावर माणूस बघतो कशाला? वडगावात त्या ओट्यावर कितीतरी संध्याकाळी ही चाटत बसली असेल आणि शेजारी बसून ती बाई कोरड्या चकत्या खात असेल. क्रीमच्या बिस्किटाचा पुडा दर रविवारी मी नेत होतो आणि त्यातलं कोरडं कोण खातं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी चकती घेतली. खाल्ली. सुंठ घशाशी लागली, नाही तर डोळ्यांत पाणी यायचं कारण नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिनं दुसरं बिस्किट उघडलं. मी पुन्हा हात पुढं केला. ताटली संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मी तिच्या इतक्या जवळ आधी कधी बसलो नव्हतो आणि ती माझ्याजवळ नव्हतीच.

जे विचारायचं म्हणून महिनाभर घोकत होतो, ते मी विचारलं नाही. विचारलं ते भलतंच.

"वैजू, मामीला न्यायची का बिस्किटं?"

"व्हय!" ती म्हणाली आणि हसली. त्या सगळ्या दिवसांतलं पहिलं खरं हसू.

भाऊबीजेला आम्ही वडगावला उतरलो. बारामती सोडल्यापासून ती खिडकीशी उभी होती, मला एकेक झाड, एकेक वस्ती ओळखून दाखवत. बोलतच होती, बोलतच होती. वैनी गोठ्यात होत्या. वैजू पळत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. वैनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड माझ्याकडं केलं नाही. म्हशीच्या पाठीवरची माती उगाच झाडत म्हणाल्या,

"दप्तर भरून ठिवलंय तिचं. कापडं बी. आत खुंटीला हाय. न्या."

माझ्या मनात आजवर ही बाई म्हणजे माझी लेक दाबून बसलेली बाई होती. आता बघितलं तर म्हशीच्या पाठीवर माती उरली नव्हती, तरी ती झाडतच होती. दिवाळीचा ओटा साधा शेणानं सारवलेलाही नव्हता. चूल पेटली असेल नसेल. मी इंदापुरात मोर काढत होतो त्या दिवसांत हिनं दप्तर भरलं होतं.

"वैनी, दप्तर सोडा खुंटीवरनं," मी म्हणालो. "शाळा सुरू झाली की तिला हितंच लागंल."

वैनींनी पदरानं तोंड पुसलं, डबा हातात घेतला, झाकण उघडून एक बिस्किट काढलं. सवयीनं पिळलं, चॉकलेट वैजूच्या हातात दिलं आणि कोरडी चकती चावून बघितली.

"सुंठ लई झालीय, दाजी," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी कंडक्टरला एकच तिकीट मागितलं. जाताना दोन घेतली होती. जंक्शन गावाच्या आसपास शेजारच्या माणसानं विचारलं, "मास्तर, लेकीला सोडून आला जणू?" मी होय म्हणालो आणि खिडकीकडं तोंड केलं. घरी आलो. मोर भिंतीवर होता. त्याला पुढं कितीतरी वर्षं मी चुन्यात जाऊ दिलं नाही, मग एका पावसाळ्यात ओल आली आणि तो आपला आपण गेला.

डबा मात्र राहिला. पंधरवड्यानं तो एसटीतून माझ्याकडं आला, कारण आपल्याकडं डबा कधी रिकामा परत करत नाहीत. वैनींनी शेंगदाण्याचे लाडू भरले होते. आता तो रिकामा पाठवायचा कसा? म्हणून मी बिस्किटं केली. तिकडून कुरडया आल्या, इकडून बिस्किटं गेली. हुरडा आला, बिस्किटं गेली. मला दुसरं काही येतच नव्हतं. वैजू दहावी झाली, कॉलेजला पुण्याला गेली, लग्न झालं, परदेशात गेली, आणि तिच्या नावाचा डबा इंदापूर-वडगाव करत राहिला. ड्रायव्हर बदलले, पण नवा डबा ठेवायचा विचार आम्हां दोघांपैकी कुणाच्या मनात आला नाही. कधी कधी वाटतं, शालनशी माझा संसार जेवढा झाला त्याहून मोठा व्यवहार माझा ह्या बाईशी झाला, आणि तोही एका डब्यातून.

वैजू फोनवर दिसते. तिच्या मागं बर्फ असतो. 'बाबा, मसाला ठेवलाय ना माझ्यासाठी?' विचारते. मी ठेवलाय म्हणतो.

दत्तूराव गेले तेव्हापासून वैनी एकट्याच असतात. म्हैस विकली. यंदा डबा एसटीत न देता मीच घेऊन गेलो. गुडघे कुरकुरले, पण गेलो. वसुबारस होती. वडगावात उतरलो तर शेजारच्या गोठ्यात पूजेची गडबड, वैनींचा गोठा झाडून स्वच्छ आणि रिकामा. त्या ओट्यावर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं आता, पण डबा त्यांनी हात फिरवून ओळखला. नावाचा रंग मी दर दोन-चार वर्षांनी पुन्हा भरतो, त्यामुळं अक्षरं चांगली जाड झालीत, बोटाला लागतात.

"आलासा व्हय, दाजी? बसा. पोरीचा फोन?"

"आला होता. फाल्गुनात बघू म्हणाली."

"गेल्या वक्ताला बी फाल्गुनच म्हनली हुती."

त्यांनी ताटली आणली. आम्ही दोघांनी एकेक बिस्किट उचललं. दोघांनीही पिळलं. मी कोरडी चकती तोंडात टाकली. बघतो तर वैनीही कोरडीच चावत होत्या. ताटलीत चॉकलेटच्या दोन चकत्या राहिल्या. आम्ही दुसरं बिस्किट घेतलं आणि पुन्हा तेच झालं. इतकी वर्षं दोन वेगवेगळ्या घरांत, एकाच पोरीशेजारी बसल्यासारखं आम्ही हे असंच खात होतो.

वैनींनी ताटलीतल्या चकत्या बोटांनी चाचपल्या.

"दाजी, आता ह्ये चॉकलेट कुनी चाटायचं?"

मी त्या चकत्या एकमेकींवर दाबून जोड्या लावल्या, पेनाच्या टोपणाचे गोल वर येतील अशा, आणि डब्यात परत ठेवल्या. "ऱ्हाऊ द्या," वैनी म्हणाल्या, "पोरगी आली म्हंजी खाईल." ही बिस्किटं फाल्गुनापर्यंत टिकत नाहीत, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यांनी चाचपडत झाकण शोधलं आणि दोन्ही तळव्यांनी जोर लावून घट्ट बसवलं.